परदेशातून मॉडेल कार मागवताना: पोस्ट की कुरिअर?

फियाट 1100. हीच गाडी आपल्याकडे पुढे पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी झाली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. तिचं 1:43 मॉडेल, म्हणजे खऱ्या गाडीच्या 43व्या हिश्श्याएवढं, इटलीतल्या एका सेलरकडे दिसलं आणि मी पाघळलो. पैसे भरताना समोर दोन पर्याय होते, रजिस्टर्ड पोस्ट आणि एक्स्प्रेस कुरिअर. तुम्ही त्याच पानावर अडकला असाल तर माझा अनुभव वाचा. मोजमाप म्हणून नका घेऊ, माझी पार्सलं काही शेकड्यांत नाहीत.

वेळेत कुरिअर जिंकतं, त्यात वाद नाही. माझ्याकडे पुण्याला सहा-सात दिवसांत आलंय, पोस्टाला तीन आठवड्यांपासून दीड महिन्यापर्यंत काहीही लागलंय. भाड्यात पोस्ट जिंकतं. इतकं सगळ्यांना माहीत असतं.

आयात ड्युटीतून मात्र दोन्हीकडे सुटका नाही. ‘गिफ्ट लिहून पाठवतो’ असं सेलर प्रेमाने म्हणतो, पण त्याचा उपयोग नाही. डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली, तर पोस्टाने किंवा कुरिअरने आलेल्या भेटवस्तूला ड्युटीमाफी नाही. किंमत कमी दाखवू का, असंही विचारतील. नको म्हणा. पार्सल हरवलं तर त्या आकड्याहून जास्त भरपाई मागता येत नाही, आणि कस्टम्सने पेमेंटचा पुरावा मागितला की तोंडघशी पडायला होतं. व्यक्तिगत वापराच्या वस्तूंवरची मूळ ड्युटी 2026च्या अर्थसंकल्पात 20 वरून 10 टक्क्यांवर आणली, हा त्यातल्या त्यात दिलासा. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, वेगळा. ड्युटी भाडं धरून लागते, पण विमानाने आलेल्या वस्तूचं भाडं तिच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंतच धरायचं असा नियम आहे. कुरिअरचं भाडं तगडं असतं, त्यामुळे बिल आलं की हा आकडा आधी बघा.

बिलावरून आठवलं. कुरिअरवाले ड्युटी आपल्या वतीने भरतात आणि त्या उपकाराची फी लावतात, फीवर पुन्हा जीएसटी. छोट्या गाडीला हे फार बोचतं. तरी तेही मी सोडून दिलं असतं.

फियाट मी आधी कुरिअरने मागवली होती आणि माझं घोडं अडलं ते एका शब्दावर. सेलरने फॉर्मवर लिहिलं होतं ‘टॉय कार’. आता खेळणं म्हटलं की आपल्याकडे वेगळीच कथा सुरू होते. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची, सक्ती. ही सक्ती 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आहे, आणि माझ्या डब्यावर ठळक ‘14+’ छापलेलं. मी कुरिअरवाल्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘सर, बीआयएस सर्टिफिकेट अपलोड करा.’ इटलीतल्या दुकानदाराकडे आयएसआयचा शिक्का कुठून असणार? दुसऱ्या दिवशी दुसरीच व्यक्ती फोनवर. तिला पहिल्यापासून सगळं सांगा, आधार पुन्हा पाठवा. तिसऱ्या दिवशी तिसरी. कस्टम्सच्या अधिकाऱ्यापर्यंत माझं म्हणणं पोचलं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मध्ये हे दलाल बसलेले आणि त्यांना फक्त फाइल बंद करायची घाई. वर गोदामभाड्याचं मीटर चालू. बाविसाव्या मेलनंतर गाडी इटलीला परत गेली आणि परतीचं भाडं माझ्या माथी आलं.

महिन्याभराने हट्टाने तीच गाडी पोस्टाने मागवली. तिथेही अडलीच. पण या वेळी मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश टपाल कार्यालयातून कॉल मेमो आला: इनव्हॉइस, पेमेंटचा पुरावा, ओळखपत्र द्या. मी सोबत एक पानी अर्ज जोडला, त्यात ‘14+’ चा फोटो चिकटवला आणि ही प्रौढ संग्राहकांसाठीची प्रतिकृती आहे, असं सरळ लिहिलं. मग एकोणीस दिवस ट्रॅकिंग ढिम्म. विसाव्या दिवशी पोस्टमन दारात. ‘ड्युटी आहे साहेब, सुट्टे असतील तर बरं.’ आत काय आहे हे त्यालाही बघायचं होतं. डबा उघडल्यावर म्हणाला, ‘अहो, ही तर आमच्या मामाची टॅक्सी!’ डाव्या बाजूचा आरसा मात्र तुटून डब्यात लोळत होता. भिंगाखाली, चिमट्याने, थेंबभर डिंक लावून तो मी बसवला. जरा तिरकाच बसलाय.

आता हा निव्वळ योगायोग असू शकतो. वेगळा अधिकारी, वेगळा दिवस. आणि 1:18 ची वीस-पंचवीस हजारांची रेझिनची गाडी असेल, तर मीही कदाचित विमा काढून कुरिअरच धरीन. पोस्टाच्या थैलीत तिचे हाल बघवणार नाहीत. फक्त सेलरला आधी कळवा की फॉर्मवर ‘प्रौढ संग्राहकांसाठी स्केल मॉडेल’ असंच लिहायचं, ‘टॉय’ हा शब्द कुठेही नको. पोस्टाने मागवत असाल तरीही कळवा.

सध्या जपानहून एक छोटी डॅटसन येतेय, पोस्टाने. ट्रॅकिंग अकरा दिवसांपासून मुंबईतच थांबलंय. अर्ज लिहून तयार ठेवलाय.