नोस्क्रिप्ट एक्स्टेंशन: क्लबच्या साइटचा घोळ शेवटी सापडला

आमच्या क्लबची वेबसाइट मी सांभाळतो, आणि कितीतरी दिवस सभासदांची एकच तक्रार, काहींना नोंदणीचा फॉर्म दिसतो आणि काहींना नुसता पांढरा चौकोन. कॅशे साफ केला, ब्राउझर बदलले, काही नाही. शेवटी फायरफॉक्समध्ये नोस्क्रिप्ट टाकलं. हे सुरुवातीला जवळजवळ सगळ्याच स्क्रिप्ट (पानात चालणारे छोटे प्रोग्रॅम) अडवतं आणि कुठल्या डोमेनवरून काय येतंय त्याची यादी दाखवतं, मग एकेक चालू करत जायचं. सगळ्या चालू केल्या तरी चौकोन पांढराच, म्हणून एफ१२ दाबून कन्सोल (ब्राउझर पानातल्या चुका दाखवतो ती जागा) बघितला तर लाल ओळ, साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित, एन्क्रिप्टेड जोडणी) पण फॉर्मची स्क्रिप्ट साध्या, असुरक्षित एचटीटीपीवरून मागवलेली! ब्राउझर ती अडवणारच आणि अडवायलाच हवी, वाटेत कोणीही त्यात काहीही घुसवू शकतं. ज्यांच्याकडे जुनी एचटीटीपीवाली लिंक सेव्ह होती त्यांनाच फॉर्म दिसत होता, कारण तिथे पानच एचटीटीपीवर, मग ब्राउझर स्क्रिप्ट अडवत नव्हता. स्क्रिप्टच्या पत्त्यात एक एस वाढवला, जुनी लिंक पण एचटीटीपीएसवर वळवली, काम झालं.

यादीमुळे अजून एक कळलं, कधीच बंद केलेल्या, भेटी मोजणाऱ्या काउंटरची स्क्रिप्ट अजून येत होती, ती लगेच काढली. जेक्वेरी (साइटवर वापरलेली तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी) पण जुनं निघालं, २०२० च्या ३.५.० आवृत्तीत बुजवलेली एक्सएसएसची (बाहेरच्याला पानात आपली स्क्रिप्ट घुसवू देणारी) भोकं त्यात तशीच.

रोजच्या वापराला मात्र कटकट आहे, सुरुवातीला निम्म्या साइट मोडतात. साइट सांभाळणाऱ्यांनी जरूर टाका.