हॉस्पिटल वाढवायचंय: गल्लीतच मजले चढवायचे की विश्रामबागकडं सरकायचं?

आमच्या दादाचं हॉस्पिटल सांगलीत नदीकडच्या गावभागात, गल्लीत. दादा डॉक्टर आणि मी सिव्हिलवाला, त्यामुळं बेड वाढवायचं ठरलं तसं जागा, परवानग्या, ड्रेनेज सगळं माझ्या गळ्यात आलं. पर्याय दोनच होते, आहे त्याच बिल्डिंगवर दोन मजले चढवायचे नाहीतर नदीपासनं लांब विश्रामबागच्या आतल्या बाजूला प्लॉट घेऊन नवीन बांधायचं. पैशाचं गणित तुमचा सीए घालून देईल. मी फक्त धूळ, धूर, आवाज, सांडपाणी, कचरा आणि शेजारी एवढ्यावरच बोलतो. शेजारी पण पर्यावरणातच धरायचे, गल्लीत हॉस्पिटल चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

कागदावर बघितलं तर जुनी जागाच भारी दिसते, खोटं कशाला बोलू. पाया आहे, रस्ता आहे, कॉलमला जॅकेटिंग (बाहेरनं सळई-काँक्रीटचा जादा थर) केलं की काम होतंय. पलूस, तासगावचा पेशंट एसटीतनं उतरतो आणि चालत येतो, ना रिक्षा ना धूर. उलट नवीन प्लॉटवर आपली काळी माती, मुरूम लागेपर्यंत खोदत जा, ती माती कुठंतरी नेऊन टाका, परत भरावाला बाहेरनं मुरूम आणा, म्हणजे डंपर जाताना पण भरलेला आणि येताना पण. आणि २०,००० चौरस मीटरच्या आतलं बांधकाम असलं की पर्यावरण मंजुरीची भानगड नसते. प्रदूषण मंडळाची संमती लागते ती लागतेच, पण माती कुठं गेली, रिक्षा किती वाढल्या हे आपल्यासारख्या छोट्यांना कुणी विचारत नाही. आपलं आपणच बघायचं.

मग मुंबईचं उदाहरण येतंच. परळला केईएम, टाटा, वाडिया एकाला एक खेटून उभी आहेत आणि तिथं वरच वाढवतात की, मग आपल्याला काय होतंय? अहो पण ते बेट आहे. तीन बाजूंनी समुद्र, बाजूला सरकायला जागाच नाही, पाडकामाचा राडारोडा ट्रकात भरून सगळी उपनगरं ओलांडून न्यायचा, बेसमेंट खोदलं की पाणी उपसत बसायचं, आणि जरा पाऊस झाला की शेजारी हिंदमाताला तळं. २०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात केईएमच्या तळमजल्यातसुद्धा पाणी शिरलं होतं. आणि टाटावाल्यांनी स्वतः काय केलं? परळ सोडलं नाही, पण खारघरला ६० एकरात दुसरा कॅम्पस केला. आपल्या जिल्ह्यातनं परळला जाऊन फुटपाथवर दिवस काढलेले लोक तुमच्या पण ओळखीत असतील, तिथं एकेक बेड वाढला की त्याच्यामागं किती माणसं वाढतात ते त्यांना विचारा. थोडक्यात त्यांना पर्याय नाही म्हणून ते वर जातात, आपल्याला आहे.

पाणी आणि कचरा ह्यात मला दोन्हीकडं फार फरक वाटला नाही. शंभर बेडच्या आतल्या हॉस्पिटलला बेडमागं दिवसाला ३४० लिटर धरतात, म्हणजे वीस बेड वाढले तर रोजचं सहा-सात हजार लिटर, ते कुठंही बांधलं तरी लागणारच. गावात निदान ड्रेनेज लाईन आहे, पण गावातलं पाणी शेवटी कुठं जातंय हे सांगलीकराला सांगायला नको, सांडपाणी कृष्णेत नेणारा शेरीनाला सगळ्यांना माहितीय. तिकडं विश्रामबागच्या आत लाईन पोचली नसेल तर सेप्टिक टँक आणि मैल्याचा टँकर. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) दोन्हीकडं बसवायचाच, दहा बेडच्या वर सुटका नाही. कचऱ्याचं म्हणाल तर संसर्गाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या ४८ तासांच्या वर ठेवता येत नाहीत आणि गाडी आमच्या गल्लीत वळत नाही, मग वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत मेन रोडपर्यंत नेतो, भाजीवाल्यांच्या मधनं. बघवत नाही, पण चालतंय.

आता जनरेटर. खरं सांगायचं तर माझा निर्णय ह्या एका गोष्टीवर झाला. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५) आणि आमचा जनरेटर होता पार्किंगच्या कडेला, तो पाण्यात गेला. मग शहाणपण म्हणून लोखंडी फ्रेम करून तो पहिल्या मजल्याच्या उंचीवर नेला. पुरापासनं वाचला, पण आता तो बरोबर जनरल वॉर्डच्या भिंतीला आणि समोरच्या काकूंच्या बेडरूमच्या खिडकीला लागून. कॅनॉपी (आवाज दाबायची पेटी) आहे, खाली रबराचे पॅड आहेत, नियमात एक मीटरवर ७५ डेसिबल सांगितलंय त्यात बसतो पण. पण हॉस्पिटलच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथं रात्रीची मर्यादा ४०, म्हणजे हॉर्न वाजवू नका असा बोर्ड आम्हीच लावलेला आणि गल्लीत सगळ्यात जास्त घुमणारी वस्तू पण आमचीच. आवाजापेक्षा थरथर वाईट, ती स्लॅबमधनं येते, ऑपरेशन झालेल्या माणसाला कॉटच्या दांड्यातनं जाणवते आणि तो सकाळी राऊंडला दादाला सांगतो, डॉक्टर, औषध नको, ते मशीन बंद करा.

धुराचं तर अजून भारी. एक्झॉस्टच्या पाईपला फॉर्म्युला आहे, बिल्डिंगच्या उंचीवर केव्हीएच्या (म्हणजे जनरेटरच्या क्षमतेच्या) वर्गमुळाच्या ०.२ पट, म्हणजे १०० केव्हीएला २ मीटर वर. पण बिल्डिंग कुठली, तर आपली! शेजारचा आपल्यापेक्षा दोन मजले उंच असला तर नियम पाळून सुद्धा धूर सरळ त्याच्या बाल्कनीत. २०२१ ला परत पाणी ५० फुटांच्या वर गेलं, महावितरणनं लाईट घालवली (बरोबरच आहे, पाण्यात करंट कोण सोडणार) आणि आमचा जनरेटर रात्रंदिवस चालू. काकू भांडल्या नाहीत, फक्त खिडकीला ओलं फडकं लावून बसल्या, ते मला जास्त लागलं. आता ह्याच बिल्डिंगवर दोन मजले चढवले असते तर लिफ्ट, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) एसी, सगळं धरून मशीन जवळजवळ दुप्पट घ्यावं लागलं असतं. खाली ठेवलं तर पुरात, वर ठेवलं तर वॉर्डात. गच्चीवर न्यावं तर तिथं पाण्याच्या टाक्या, आणि सोलर बसवू म्हणणाऱ्यानं उभं तरी कुठं राहायचं?

चालू हॉस्पिटलवर मजले चढवताना ब्रेकरची धूळ खाली ओटीपर्यंत येते हा त्रास आहेच, नुसती हिरवी जाळी मारून ती थांबत नाही, आणि त्या धुळीतनं बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकतं म्हणून दादा आधीपासनंच नाराज होता. पण तो त्रास काम संपलं की संपतो. जनरेटर कायमचा.

आम्ही शेवटी ॲडमिशन आणि ओटी विश्रामबागला नेली आणि ओपीडी गावातच ठेवली. बहुतेक लोक दाखवायला आणि पट्टी बदलायलाच येतात, ते अजून एसटीतनं उतरून चालतच येतात, त्यामुळं रिक्षांचा हिशोब मला वाटलं होतं तेवढा अंगावर आला नाही. काळी माती खोदली ती खोदली, ते काही मी धुऊन टाकू शकत नाही, आणि तिकडं ड्रेनेजची वाट अजून बघतोयच.

तुमचं वेगळं असू शकतं. जागा पूररेषेच्या बाहेर असेल, मागं मोकळी बोळ असेल, जनरेटर जमिनीवर ठेवून त्याचं तोंड कुणाच्याच खिडकीकडं येत नसेल, तर मी पण म्हणेन जुन्या जागेतच वाढवा, सिमेंट-लोखंड वाचतंय. पण सांगलीत नदीकडच्या भागात अशी गल्ली मला तरी सापडली नाही. आणि नवीन प्लॉट बघायला जाल तेव्हा एजंट रस्ता आणि बोअरचं पाणी दाखवील, तुम्ही आधी जनरेटर कुठं बसणार तिथं उभं राहून चारी बाजूंच्या खिडक्या बघा, आणि डिझेलची गाडी आत वळते का तेही, बाकीचं नंतर.