१/७२ की १/४८? विमानांची प्लास्टिक किट्स, काही महिने जोडल्यानंतर

विमानाचं किट घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न बहुतेक सगळे हाच विचारतात: स्केल कोणतं घेऊ? गेले कित्येक महिने साताऱ्यात घरी, रात्रीची जेवणं आटोपल्यावर किट्स जोडत बसल्यावर माझं मत असं झालंय, की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न साच्याचा. तो कधी बनला, कसा बनला, आणि आजवर त्यातून किती माल निघाला. मी एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगचे (वितळलेलं प्लास्टिक दाबून भरतात ते) साचे डिझाईन करते, गाड्यांच्या सुट्या भागांचे. त्यामुळे डबा उघडला की माझी नजर विमानाआधी पार्टिंग लाईनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग मिटतात तिथे उमटलेल्या रेषेवर जाते. कदाचित म्हणूनच हे मत इतकं पक्कं झालं असेल. पण माझ्या टेबलावर जे दिसलं ते कुणालाही दिसेल असंच आहे.

तरी आधी स्केलचं बोलते, कारण पैसे आणि जागा त्यावरच ठरतात.

१/७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या ६ फुटांचा मॉडेलमध्ये १ इंच. १/४८ म्हणजे ४ फुटांचा १ इंच. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्कायबर्ड्स नावाची लाकडी मॉडेल्स निघाली, त्यांनी १/७२ हे प्रमाण रुळवलं. ६ फुटी माणूस बरोबर १ इंचाचा होतो, हिशेब सोपा. १९३६ मध्ये फ्रॉग या ब्रिटिश कंपनीने ‘पेंग्विन’ मालिकेत प्लास्टिकची किट्स काढली ती याच प्रमाणात. जगाने मीटर स्वीकारला तरी हा छंद फूट-इंचातच राहिला.

मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सव्वासात मीटरच्या आत, ७.१५ मीटर. १/७२ मध्ये तो १० सेंटिमीटरही भरत नाही. मॉडेल तळहातावर मावतं, आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, ‘एवढंसंच?’ तेच १/४८ मध्ये १५ सेंटिमीटर होतं आणि एकदम भारदस्त दिसतं. म्हणून मिग, नॅट अशा छोट्या लढाऊ विमानांसाठी मी १/४८ ची बाजू घेईन. सुखोई-३० चं मात्र उलट. लांबी जवळपास २२ मीटर, म्हणजे १/७२ मध्येच ३० सेंटिमीटर आणि १/४८ मध्ये ४५ च्या वर. आपल्याकडच्या भिंतीतल्या कपाटाची खोली साधारण १२ ते १५ इंच असते. मोठं सुखोई तिथे सरळ ठेवताच येत नाही, तिरकं ठेवलं तर शेजारची दोन विमानं हलवावी लागतात. लांबी दीडपट झाली की शेल्फवरची जागा सव्वादोनपट होते आणि आकारमान जवळजवळ साडेतीनपट, हे डब्यावर कुठे लिहिलेलं नसतं. रंगही त्याच हिशेबाने सव्वादोनपट लागतो. प्रवासी विमानं आवडत असतील तर १/१४४ कडे वळा. झ्वेझ्दा या रशियन कंपनीचं बोईंग ड्रीमलायनर त्या प्रमाणात ३९ सेंटिमीटरचं होतं. त्याहून मोठं घरात नको.

आता साच्याबद्दल, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

एक साधा हिशेब करून बघा. विमानाच्या पत्र्यांमधल्या फटी किटवर बारीक रेषांनी कोरलेल्या असतात. समजा रेष ०.२ मिलिमीटर रुंद आहे. १/४८ मध्ये ती खऱ्या विमानावरच्या साडेनऊ मिलिमीटरच्या फटीएवढी होते, १/७२ मध्ये १४ मिलिमीटरहून जास्त. म्हणजे करंगळीएवढी फट ठेवून बांधलेलं विमान! पंखाची मागची कड अर्ध्या मिलिमीटरची असेल तर १/७२ मध्ये ती ३६ मिलिमीटर जाडीची फळी होते. स्केल लहान होत जातं तसा साचा अधिक नाजूक हवा. लहान किट स्वस्त असतं म्हणून त्याचा साचा सोपा असेल असं वाटतं, पण टूलरूममध्ये बसलेल्या माणसाला माहीत असतं की तिथेच जास्त घाम गाळावा लागतो.

जुन्या काळी आधी मोठ्या आकाराचा नमुना करायचे आणि त्यावरून पँटोग्राफने लहान करत पोलाद कापायचे. रेष कोरायची तर साच्यात तिचा उंचवटा शिल्लक ठेवून बाकीचं पोलाद काढावं लागतं. साच्यातच चर पाडला तर किटवर उठलेली रेष मिळते, आणि ते काम सोपं. म्हणून जुन्या किट्सवर उठलेल्या रेषा दिसतात, सांधा घासताना त्या निघून जातात. आज कॅडमध्ये काढलेलं थेट सीएनसी आणि स्पार्क मशीनवर जातं. शिवाय स्लाईड आली. साधा साचा दोनच दिशांनी उघडतो. अर्ध्या धडाच्या पाठीवर आणि पोटाखाली पृष्ठभाग उघडण्याच्या दिशेला समांतर जातो, तिथे खोल रेष ठेवली तर भाग सुटताना खरवडला जाईल. म्हणून जुन्या किट्समध्ये बाजूला ठसठशीत दिसणारी रेष पाठीवर पोहोचेपर्यंत पुसट होते. बाजूने सरकणारी स्लाईड दिली की हा प्रश्न सुटतो. बंदुकीची नळी टोकाला पोकळ मिळते तीही तिच्यामुळेच. असा भाग हातात आला की मी तो स्प्रूवरून (भाग ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) तोडायच्या आधी बराच वेळ नुसती बघत बसते.

साचे टिकतात मात्र माणसांपेक्षा जास्त. फ्रॉगचा कारभार १९७० च्या दशकात गुंडाळला गेला तेव्हा त्यांचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले आणि ‘नोव्हो’ नावाने तीच किट्स पुन्हा निघाली. डबा नवा, चित्र नवं, आतला माल जुना, हे आजही चालतं. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने जुन्या साच्यांसाठी ‘व्हिंटेज क्लासिक्स’ अशी वेगळी मालिकाच ठेवली आहे, ते मला फार आवडलं. घेणाऱ्याला आधीच कळतं. सगळे असं करत नाहीत. मी घेतलेल्या एका किटच्या डब्यावर सुरेख चित्र होतं, आत निघाल्या उठलेल्या रेषा, कडांना सगळीकडे फ्लॅश (कडेबाहेर आलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा), पंखाच्या बुडाशी सिंक मार्क (उथळ खळगा) आणि पंख-धडाच्या जोडात नखाएवढी फट. फ्लॅश म्हणजे साच्याच्या मिटणाऱ्या कडा झिजल्यात. सिंक म्हणजे तिथे प्लास्टिकची जाडी जास्त, आतलं सावकाश थंड होताना वरचा पृष्ठभाग आत ओढला गेला. दोन्ही गोष्टी पुट्टी आणि ४००, ८००, १००० च्या पॉलिश पेपरने निस्तरता येतात. कॅनोपी, म्हणजे पायलटवरची काच, जाड आणि लाटा आलेली असली तर मात्र काही करता येत नाही. आतला पायलट पाण्यात बसल्यासारखा दिसतो.

आता चांगली किट्स. एअरफिक्सचं १/७२ स्पिटफायर मार्क १, २०१० च्या साच्याचं. भाग थोडे, जोड सरळ, आणि स्टार्टर सेट घेतला तर गोंद, रंग, ब्रश सगळं डब्यातच. पहिलंच किट घेणाऱ्याला मी हेच सांगते. तामिया या जपानी कंपनीचं १/४८ स्पिटफायर मार्क १ हे २०१८ चं, आणि ते माझ्या कामाच्या नजरेने पाहिलं तर निव्वळ सौंदर्य आहे. भाग एकमेकांत बसतात ते इतके नेमके, की जोडाच्या जागेवर रंगाचा थर असेल तर तो आधी खरवडून काढावा लागतो. पुट्टीची बाटली उघडायची वेळच आली नाही. मोल्डिंगचं काम करणाऱ्या कुणाला हा छंद का धरावा असं वाटत असेल, तर हे एक किट घेऊन बघावं.

तिसरं एडुआर्ड या चेक कंपनीचं १/७२ मिग-२१ एमएफ. यात ‘प्रोफिपॅक’ आणि ‘वीकेंड’ अशा दोन आवृत्त्या असतात. प्रोफिपॅकमध्ये रंगवलेले धातूचे बारीक भाग आणि कॅनोपीसाठी कापून दिलेले मास्क (रंगवताना काच झाकायच्या चिकटपट्ट्या) मिळतात. फक्त त्या मास्कसाठी जास्तीचे पैसे द्यावेत असं माझं मत आहे. १/७२ ची काचेची चौकट हाताने टेप कापून रंगवणं हे डोळ्यांवर अत्याचार करणारं काम आहे.

साताऱ्यात विमानाचं मॉडेल दिसलं की लोक त्याला खेळणं म्हणत नाहीत. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये इथे निघाली, आणि इथल्या घराघरात फौजेतलं कुणी ना कुणी असतंच. आमच्या शेजारचे काका हवाई दलात मिगवर टेक्निशियन होते, मिग-२१ च्या टाईप ७७ आणि ९६ या दोन्ही प्रकारांवर. नाशिकजवळ ओझरला एचएएलने बनवलेली विमानं. एडुआर्डचं ते मॉडेल (एमएफ ९६ च्याच कुळातलं) हातात घेऊन त्यांनी आधी नाकावरची पिटोची, म्हणजे हवेतला वेग मोजणारी नळी पाहिली. ‘अगं, ७७ ला ही बरोबर मधोमध. ९६ ला उजवीकडे सरकलेली. यांनी सरकवलीय बघ.’ मग कॅनोपी. ‘७७ ची पुढच्या बाजूला उघडायची, काचेसकट. ही उजवीकडे उघडते, बरोबर आहे.’ दहा सेंटिमीटर पंखांच्या विमानात नळीची जागा मिलिमीटरभर बाजूला आहे, आणि ते आयुष्यभर खऱ्या विमानावर हात फिरवलेल्या माणसाला पटलं. दर्जा म्हणजे मला हेच अपेक्षित आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा काकांनी ते मॉडेल दोन दिवस घरी नेऊन ठेवलं होतं.

साहित्याबद्दल थोडक्यात. पातळ सिमेंट म्हणजे चिकटवणारा गोंद नव्हे; ते पॉलिस्टायरीन विरघळवतं आणि दोन्ही भाग एकजीव होतात. भाग जुळवून धरा, ब्रश फटीला टेकवा, केशाकर्षणाने ते आपोआप आत पळतं. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. कॅनोपीला इन्स्टंट ग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. पांढरा फेविकॉल पुरतो. पुढे चाक असलेलं विमान शेपटीवर बसू नये म्हणून धड मिटवायच्या आधी नाकात वजन टाका. मी बेअरिंगच्या गोळ्या टाकते. डेकल (पाण्यात भिजवून लावायची खुणांची चित्रं) लावायच्या आधी ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक रंगाचा हात द्या, नाहीतर खडबडीत रंगावर हवा अडकून फिल्म चंदेरी दिसते.

पावसाळा हा इथला खरा अडसर. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की लॅकर फवारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवा बसते आणि रंग पांढुरका पडतो. त्या महिन्यांत मी कापणं, घासणं, जोडणं आणि ब्रशने कॉकपिट रंगवणं एवढंच करते. एअरब्रश दसऱ्यानंतर. डेकलच्या शीट सिलिका जेलबरोबर झिपच्या पिशवीत.

किमतीचं दुखणं सगळ्यांचं सारखंच. हे बहुतेक सगळं आयात होतं, आणि खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. लहान प्रमाणातली मॉडेल्स त्याच शीर्षकाखाली मोजली जातात. त्यामुळे चुकीचं किट घेऊन शिकणं इथे परवडत नाही. साताऱ्यात मला हाताळून घेता येईल असं दुकान सापडलेलं नाही, सगळं ऑनलाईन किंवा पुण्याहून. म्हणून घेण्याआधी स्केलमेट्स या वेबसाईटवर त्या किटची वंशावळ बघते: साचा कोणत्या वर्षी बनला आणि तोच माल आधी कोणत्या डब्यातून विकला गेला. माझा क्रम आता ठरलेला आहे. आधी साच्याचं वर्ष, मग कपाटाची खोली, मग स्केल. १/७२ चा नवा साचा आणि १/४८ चा जुना साचा सारख्या किमतीत मिळत असतील तर डोळे झाकून लहान घ्यावा. आणि विक्रेत्याकडून स्प्रूचा फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. कॅनोपी आणि पंखाची मागची कड, एवढं दोन दिसलं तरी पुरे.