पणजीतला जोसेफ बार: गल्लीतला छोटासा अड्डा
सांतोमेच्या गल्लीत जोसेफ बार आहे, इतका छोटा की चार माणसं आत गेली की पाचव्याने ग्लास घेऊन रस्त्यावरच उभं राहायचं, आणि खरी मजा तिथेच आहे, शेजारी अनोळखी पण दहा मिनिटांत गप्पा सुरू. आम्ही एप्रिलमध्ये गेलो म्हणून हुर्राक मिळाला, काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलं डिस्टिलेशन ते हुर्राक, पुन्हा गाळलं की फेणी. लिमका, मीठ, चिरलेली मिरची, बास! तांबडे रोझा पण घ्याच, फेणीत कोकम, आंबटतिखट (मला दोन लागले). एसी-बिसी, मऊ सोफे हवे असतील तर दुसरीकडे जा. गाडी लांब लावून चालतच या, गल्ल्या फार अरुंद आहेत.