लीडरबोर्ड की रोजचे पाच प्रश्न?

ऑफिसच्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये खेळ आणायचा ठरला की एचआरपुढे साधारण दोन पर्याय येतात. एक, सगळ्यांची क्रमवारी दाखवणारा लीडरबोर्ड. दुसरा, रोज पाच प्रश्न आणि न चुकवलेल्या दिवसांची साखळी, म्हणजे भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो ॲपवाली स्ट्रीक.

लीडरबोर्ड पहिल्या आठवड्यात धमाल उडवतो. सेल्सच्या टीमला तर तो मानवतोच. पण वरचे दहा जण पुढे निघून गेले की दोनशेव्या नंबरवरचा माणूस लॉगिन कशाला करेल? डेलॉइट या सल्लागार कंपनीने आपल्या ऑनलाइन लीडरशिप अकॅडमीत यावर चांगला तोडगा काढला होता: फलक दर सात दिवसांनी कोरा. तरी धोका उरतोच. अमेरिकेत अनाहाइममधल्या डिस्नेच्या हॉटेलांत लाँड्री कामगारांचा वेग स्क्रीनवर झळकू लागला, तेव्हा त्यांनी त्याला ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’ म्हटलं. तिथे मोजलं जात होतं काम, शिक्षण नव्हे. पण गुण अप्रेझलला जोडले की ट्रेनिंगचाही चाबूकच होतो. लोक व्हिडिओ म्यूट करून पळवतात आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात.

रोजचे प्रश्न त्यामानाने मिळमिळीत. पण विसरण्यावर इलाज तोच. अंतर ठेवून केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं. फसवे ईमेल ओळखणं, कारखान्यातले सुरक्षेचे नियम, यांसाठी मी हेच निवडेन. फक्त रजेच्या दिवशी साखळी तुटू देऊ नका. गणपतीला गावी जाऊन आलेल्याला शून्य दिसलं की तो पुन्हा फिरकत नाही.

लीडरबोर्ड हवाच असेल तर नव्या प्रॉडक्टच्या वेळी, पंधरवड्यापुरता, आणि तोही टीमचा.