श्रीलंकेत सायकलवर एकच मोठा दिवस: गॉल–तंगल्ल किनारा की वेल्लवाया–एल्ला घाट?

किनारा सपाट म्हणून सोपा आणि घाट चढाचा म्हणून अवघड, एवढ्याच हिशोबावर निवड केली तर फसायला होतं. गॉल ते तंगल्ल सुमारे ८० किलोमीटर, चढ जवळपास नाहीच. वेल्लवाया ते एल्ला जेमतेम २८ किलोमीटर, पण चढाई साधारण ८५० मीटर, म्हणजे खोपोली–लोणावळ्याच्या दीडपट. घाटात पाय दमतात, किनाऱ्यावर डोकं दमतं. कारण एकच: बस.

किनाऱ्याच्या ए-२ रस्त्यावर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. खासगी बस आपापसात शर्यत लावतात, तुम्हाला मागे टाकतात आणि प्रवासी दिसला की लगेच डावीकडे दाबतात, नेमक्या तुमच्या पुढ्यात. डांबराच्या काठाला चिकटून चालवणारा इथेच अडकतो. खाली उतरलं की खडी, आणि परत वर येताना पुढचं चाक काठाला घासून सायकल आडवी. म्हणून काठापासून अर्धा-पाऊण मीटर आत चालवा. दाबलं गेलं तरी सरकायला जागा राहते. उजव्या मुठीला आरसा लावाच. बस थांबली की मागे थांबा. डावीकडून घुसू नका, दार त्याच बाजूला आहे. दक्षिण द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, त्यामुळे ए-२ टाळायचा तर गावागावांतले आतले रस्ते धरायचे. रविवारची सकाळ त्यातल्या त्यात बरी.

खाण्यापिण्यात किनारा केव्हाही सरस. कोग्गला, वेलिगामा, मिरिस्सा, मातारा, दोंद्रा अशी गावं लागत जातात आणि दुकान हाकेवर असतं, एक बाटली पुरते. नारिंगी शहाळं, म्हणजे तिथली तंबिली, जागोजाग मिळते. मात्र त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. दमट हवेत घामावाटे मीठ जातं, त्यामुळे नुसत्या शहाळ्यांवर राहिलात तर दुपारी पाय जड होतात. सोबत खारट वडे खा किंवा लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट घाला. घाटासाठी मात्र वेल्लवायातूनच दोन लिटर भरून निघा. रावण धबधब्यापाशी दुकानं आहेत, पण माकडंही आहेत; केळी हँडलच्या पिशवीत उघडी ठेवू नका.

घाटाचा निर्णय खरं तर गिअरवर होतो. ८५० मीटर भागिले २८ किलोमीटर म्हणजे सरासरी ३ टक्के, पण हा आकडा फसवा आहे. सुरुवातीचा भाग सौम्य आहे, खरी चढाई पुढे साठलेली आहे. ७ टक्के चढ धरू. स्वार, सायकल, सामान मिळून १०० किलो. पुढे ३४ दातांची आणि मागे २८ दातांची चकती असेल तर मिनिटाला ६० पेडल मारायला ताशी ९ किलोमीटरच्या पुढे राहावं लागतं, आणि त्याला सुमारे २०० वॅट लागतात. हौशी सायकलस्वार उकाड्यात तेवढा जोर तासभर टिकवू शकत नाही. पेडल मंदावतं आणि गुडघे बोलायला लागतात. मागे ३४ दात असतील तर तेच काम १६०–१६५ वॅटमध्ये होतं. त्यामुळे मागे ३४ नसेल तर सामान रिक्षाने वर पाठवा, नाहीतर सरळ किनारा घ्या. पोलादपूरहून महाबळेश्वर सामानासह चढलेल्यांनी फार विचार करू नये.

हंगाम मात्र दोन्हीकडचा उलटा. डिसेंबर ते मार्च किनारा कोरडा असतो, आणि त्यातल्या पहिल्या दोन महिन्यांत एल्लाकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. जून ते सप्टेंबर घाट बऱ्यापैकी कोरडा, गॉलकडे नैऋत्य मोसमी. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारी वीज-पाऊस ठरलेला, तेव्हा बाराच्या आत वर पोहोचा. मोठा पाऊस झाला की दरडींमुळे ए-२३, म्हणजे हाच घाटरस्ता, बंद पडू शकतो. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री विचारून ठेवा.

मधेच सोडून द्यावं लागलं तर? किनाऱ्यालगत रेल्वे आहे, आणि २०१९ पासून ती माताऱ्याच्या पुढे बेलिअत्तापर्यंत जाते. वेल्लवायाला रेल्वे नाही, तिथे रिक्षाच. पुढचं चाक काढलं की सायकल मागच्या सीटवर आडवी बसते.

पहिलीच टूर असेल, हिवाळ्यात जाणार असाल आणि गर्दीतून चालवायची सवय असेल तर किनारा. बाकी कुणालाही आम्ही घाटच सांगू: ताशी ८ किलोमीटरने वर जाताना एल्लाची खिंड हळूहळू उघडत जाते, तसं काही ए-२ वर नाही. उलट्या दिशेने फक्त उतरायचा विचार असेल तर रिम ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी जोरात दाबा, मग पूर्ण सोडा.

दोन्ही जोडायचे असतील तर मधल्या तनमलविल–वेल्लवाया पट्ट्यात हत्ती रस्त्यावर येतात. एरवी पहाटे निघणं शहाणपणाचं, इथे नाही. पूर्ण उजाडल्यावर निघा आणि अंधारायच्या तासभर आधी मुक्काम गाठा.