पाणी म्हणून घातलेले ॲसिड

डिचोलीतील आमच्या घरी पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, म्हणून 2019 च्या मे महिन्यात मी इन्व्हर्टरसाठी दीडशे अँपिअर-आवरची ट्यूब्युलर बॅटरी 14,500 रुपयांना घेतली. दुकानदाराने पाच वर्षांची वॉरंटी छातीठोकपणे सांगितली. प्रत्यक्षात कार्डावर पहिले 36 महिने बॅटरी मोफत बदलून मिळणार होती आणि उरलेले 24 महिने केवळ सवलत, तीही छापील किमतीवर, ज्या किमतीला बाजारात बॅटरी सहसा कोणी घेत नाही. कार्ड मी नीट वाचले नाही, ही चूक माझी.

2022 च्या मार्चमध्ये, म्हणजे 34 व्या महिन्यात, चार तासांचा बॅकअप सव्वा तासावर आला. वर्षाला 1,200 रुपये घेऊन सर्व्हिसिंग करणारा दुकानाचा माणूस पांढरा कॅन घेऊन आला, "काका, पाणी कमी झालंय, बाकी बॅटरी ठणठणीत आहे," म्हणाला आणि सहाही बुचे उघडून कॅन रिकामा करून गेला. सांडलेले त्याने आमच्याच जुन्या पंचाने पुसले. दोन दिवसांनी तो पंचा धुऊन दोरीवर टाकला, तर त्याची चाळण झालेली होती. पत्नीने कारण विचारले, तेव्हा मी उंदरांवर ढकलले.

बॅटरीतून उडून जाते ते पाणी. ॲसिड आतच राहते, म्हणून भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची. वरून ॲसिड ओतले की हायड्रोमीटरचे, म्हणजे द्रावणाची घनता मोजणाऱ्या नळीचे, रीडिंग वर चढते आणि बॅटरीला तात्पुरता जोर येतो, पण प्लेटांवर बसलेला सल्फेटचा थर तसाच राहतो आणि प्लेटा अधिक झिजतात. तो तात्पुरता जोर 36 महिन्यांची मुदत उलटण्यापुरता पुरला. जुलैत, 38 व्या महिन्यात, बॅटरी बसली.

कंपनीच्या तंत्रज्ञाने ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत आतल्या द्रावणाची घनता, तपासली. पूर्ण चार्ज झालेल्या अशा बॅटरीत ती 1.240 च्या आसपास असते. आमच्या सेलांत 1.300 च्या वर होती. बाहेरून ॲसिड घातल्याचा शेरा मारून त्याने सवलतही नाकारली. दुकानदार म्हणाला, "तुम्हीच घातलं असेल." सर्व्हिसिंगची एकही पावती माझ्याकडे नव्हती. वर जुनी बॅटरी त्याने 2,500 रुपयांत नव्या बॅटरीच्या बिलात वळती केली. वजन करण्याचे कोणी नावही काढले नाही, आणि अशा बॅटरीत निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते, हे मला नंतर कळले.

बॅटरी आणि तीन वर्षांचे सर्व्हिसिंग मिळून 18,100 रुपये. त्यातून मोडीचे वजा केले तरी महिन्याला 410 रुपये पडले, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज वेगळीच.

आता सीलबंद पाण्याची बाटली मीच आणतो, बुचे माझ्यासमोर उघडली जातात आणि सहाही सेलांची ग्रॅव्हिटी तारखेसह वहीत लिहून त्याखाली येणाऱ्याची सही घेतो. तो पंचा ट्रॉलीवर मुद्दाम घडी घालून ठेवला आहे.